घोड्याची ट्रॉली असो की उसाची, चोरीपासून राखायची कशी?

भीमाकाठ (माळशिरस तालुका)

राम राम मंडळी.

आमच्या वस्तीपासून हाकेच्या अंतरावरून एका शेतकऱ्याची डंपिंग ट्रॉली रातोरात गेली. गाळप संपल्यावर लिंबाखाली उभी केलेली, दांडी जॅकवर, ट्रॅक्टर घरापुढं. सकाळी बघतो तर डांबरी रस्त्यापर्यंत गेलेल्या चाकोऱ्या तेवढ्या राहिलेल्या. ट्रॉलीवरचं कर्ज अजून फिटायचंय. माणूस आठवडाभर जेवला नाही नीट.

माझ्याकडं उसाच्या दोन ट्रॉल्या आहेत, आणि बोलेरोमागं लावायची दोन घोड्यांची बंद ट्रॉली आहे. दिवाळीच्या सुमारास अकलूजचा घोडेबाजार आणि पुढं दत्तजयंतीला सारंगखेडा एवढंच तिचं काम. बाकी वर्षभर ती शेडमागं उभी असते. मारवाडी घोडी आणि तिचं शिंगरू यांच्यावर डोळा ठेवायला घरचं कुणी ना कुणी असतंच, पण ट्रॉलीकडं कुणाचं लक्ष नसतं.

ट्रॅक्टरला चावी आहे, बोलेरोला चावी आहे. ट्रॉलीला काय आहे? एक पिन. कुणीही यावं, आपली पिन घालावी आणि ओढून न्यावी. ज्यांनी यावर खरोखर काही केलंय त्यांनी सांगा. फक्त "सीसीटीव्ही लावा" असं सांगू नका. शेतात रात्री वीज कधी असते ते आपल्या सगळ्यांना माहीत आहे.

वेल्डर_आप्पा (मोहोळ)

दादा, मी ट्रॉल्या बांधतो आणि दुरुस्तही करतो, म्हणून चोर काय करतो ते आधी सांगतो. तो स्वतःचा ट्रॅक्टर घेऊन येतो. दांडीच्या कड्यात पिन घालतो, जॅक वर घेतो आणि निघतो. दोन मिनिटांचं काम. एवढ्यात कुत्रं भुंकून गप्प पण होतं. म्हणजे पहिला अडथळा कड्यातच पाहिजे.

कड्याच्या खाली एक आणि वर एक अशा दोन जाड प्लेटा बसवा. मधून आरपार बोल्ट घ्या आणि बोल्टाच्या शेंड्याला भोक पाडून त्यात कुलूप घाला. कडं बंद झालं की कुणाचीच पिन आत जात नाही. कुलूप मात्र उघडं ठेवू नका. त्याच्याभोवती जाड पाइपचा तुकडा वेल्ड करून टोपण करा, असं की चावीचा हात कसाबसा आत जाईल पण कटरचा जबडा शिरणार नाही. कुठल्याही गावच्या वेल्डिंगच्या दुकानात अर्ध्या दिवसात होतं. घोड्याच्या ट्रॉलीला गोळ्याचं कप्लिंग असेल तर त्याचं तयार कुलूप मिळतं. गोळ्याची जागाच ते भरून टाकतं.

एवढ्यावर थांबू नका. कड्याला कुलूप दिसलं तर चोर दांडीला साखळी गुंडाळून ओढतो. म्हणून चाक पण बांधायचं. साखळी रिमच्या भोकातून घेऊन एक्सलला वेढा द्या आणि कुलूप वरच्या बाजूला ठेवा. जमिनीवर लोळणारं कुलूप फोडायला सोपं, खाली दगड ठेवला आणि घण घातला की झालं.

हंगाम संपला की एका बाजूचं चाक काढून घरात नेऊन टाका आणि एक्सलखाली ठोकळे लावा. यापेक्षा स्वस्त आणि पक्का उपाय मी तरी बघितला नाही. टायर पण उन्हात सडत नाही. ९.००-१६ चा टायर आज काय भावानं मिळतो ते तुम्हाला माहीत आहे. कितीतरी ठिकाणी ट्रॉली जागेवर राहते आणि टायरच जातात.

करमाळ्याचा_पोरगा

+१. आमच्याकडं दोन ट्रॉल्या दांडीला दांडी लावून समोरासमोर उभ्या करतो आणि दोन्ही दांड्या एकाच साखळीत. शेजारी भिंत असेल तर दांडी भिंतीकडं. ट्रॅक्टर आत शिरायलाच जागा ठेवायची नाही.

तंत्रमित्र (सोलापूर शहर)

ट्रॅकरबद्दल लिहितो, कारण यात लोकांचे पैसे फुकट जातात.

गाडीला लावतात तो जीपीएस गाडीच्या बॅटरीवर चालतो. ट्रॉलीला बॅटरीच नसते. त्यामुळं स्वतःची बॅटरी असलेला, चुंबकानं चिकटणारा ट्रॅकर घ्यावा लागतो. तो दर मिनिटाला ठिकाण कळवत राहिला तर थोड्या दिवसांत मान टाकतो. म्हणून "हलल्यावरच जागा हो" अशी सेटिंग असलेला घ्या. उभा असताना दिवसातून एकदा हजेरी लावली तरी पुरे. हलला की लगेच मेसेज आला पाहिजे.

सिमकार्ड घेताना बघा की तुमच्या शिवारात कुठल्या कंपनीची रेंज आहे. जुने स्वस्त ट्रॅकर फक्त टूजीवर चालतात. जिओवर टूजी मुळात नाहीच, त्यामुळं जिओचं सिम घालायचं तर फोरजीचं यंत्र लागेल.

बसवायची जागा महत्त्वाची. लोखंडी चॅनलच्या पोटात बंद करून ठेवला तर सिग्नल अडतो. घोड्याच्या ट्रॉलीत छताचा फायबर, लाकडी फळी किंवा रबर मॅटखालचा प्लाय अशा ठिकाणी तो लपतो पण आणि बोलतो पण. उसाच्या ट्रॉलीत अशी जागा कमी. मागच्या दिव्याच्या प्लॅस्टिक कव्हरमागं प्रयत्न करा.

ते ब्लूटूथवाले छोटे टॅग मात्र शेतासाठी घेऊ नका. जवळून जाणाऱ्या दुसऱ्याच्या फोनवरून ते ठिकाण कळवतात. सोलापुरात सात रस्ता चौकात, गर्दीत, ठीक आहे. शिवारात रात्री दोनला कोण जाणार?

मुकादम_सांगोला

ट्रॅकर लावा, पण ठिकाण दिसलं म्हणून चार पोरं घेऊन मागं पळू नका. पलीकडं किती जण आहेत, हातात काय आहे, काही कळत नाही. ठिकाण पोलिसांना दाखवा. ११२ ला फोन करा. ज्या गावात ग्रामसुरक्षा यंत्रणा चालू आहे तिथं एका कॉलवर आसपासच्या गावांतल्या सगळ्या नोंदलेल्या फोनवर निरोप जातो. पहिल्या अर्ध्या तासात चार गावच्या फाट्यावर माणसं उभी राहिली तर ट्रॉली कुठं जाणार? ट्रॅक्टरला ती घेऊन काही शंभरच्या वेगानं पळता येत नाही. नंबर नोंदवलाय का ते आजच तपासा.

जुळे_सोलापूर_वकील

वरचे उपाय चोरी अवघड करतात. मी चोरीनंतरचं लिहितो, कारण माझ्याकडं माणसं त्या वेळी येतात, आणि निम्म्यांकडं दाखवायला कागदच नसतो.

मोटार वाहन कायदा १९८८ प्रमाणं ट्रेलर हेसुद्धा मोटार वाहनच आहे. त्याची वेगळी नोंदणी लागते, वेगळा नंबर लागतो आणि तो ट्रॉलीवर दिसेल असा लिहावा लागतो. कलम ३९ आणि ६१ बघा. ट्रॅक्टरचं आरसी (नोंदणी प्रमाणपत्र) म्हणजे ट्रॉलीचं आरसी नव्हे. आपल्या जिल्ह्यात एमएच १३ सोलापूरचा आणि एमएच ४५ अकलूजचा. पासिंगला, म्हणजे आरटीओतल्या नोंदणीला, ट्रॉली बांधणाऱ्याचं विक्री प्रमाणपत्र म्हणजे फॉर्म २१, रस्त्यावर चालवण्याजोगी असल्याचा फॉर्म २२ आणि अर्जाचा फॉर्म २० लागतो. ट्रॉली बुक करतानाच विचारा, "पासिंग करून देणार का?" आगाऊ रक्कम नंतर द्या.

आता चोरी झाली असं धरा. मालवाहतुकीचं वाहन चोरणं हे साध्या चोरीपेक्षा मोठं. १ जुलै २०२४ पासून लागू झालेल्या भारतीय न्याय संहितेच्या कलम ३०५ मध्ये ते येतं आणि सात वर्षांपर्यंत शिक्षा आहे. माहीत असून चोरीचा माल घेणाऱ्यावर कलम ३१७ लागतं. फिर्यादीत ही गोष्ट नीट नोंदली गेली पाहिजे, "लोखंडी सामान गेलं" असं मोघम नको. चासी नंबर, आरटीओ नंबर, बांधणीचं वर्ष, टायरची कंपनी, रंग, कुठं वेल्डिंग केलंय, फाळक्याला कुठं पोचा आलाय, सगळं लिहा.

ट्रॉली सापडली तरी पोलीस ठाण्यातून ती तुमच्या हातात लगेच देत नाहीत. कोर्टात अर्ज करून सुपूर्दनाम्यावर, म्हणजे बोलावलं की हजर करीन असं लिहून देऊन, सोडवावी लागते. जप्त वाहनं पोलीस ठाण्याच्या आवारात सडत ठेवू नका, असं सुप्रीम कोर्टानं २००२ सालीच सांगितलंय, त्यामुळं कागद पक्के असतील तर हे काम तुंबत नाही. पण कागद नसतील तर "ही ट्रॉली माझीच" हे कशावरून? रंग बदललेला, नंबर खरवडलेला, दुसरा म्हणतो माझी. अशा वेळी खरा मालक गेटबाहेर उभा राहतो आणि ट्रॉली आत गंजते. हे मी डोळ्यांनी बघितलंय आणि फार वाईट वाटतं.

शेतकरी_तेरा

वकीलसाहेब, तुमचं सगळं मान्य. पण आमच्या भागात निम्म्या ट्रॉल्या गावातच बांधलेल्या. बांधणाऱ्याकडं मान्यता नाही, त्यामुळं फॉर्म २२ नाही, त्यामुळं पासिंग नाही. गरीब माणूस जमेल तिथून ट्रॉली घेतो. त्यानं काय करायचं? चोरीला गेली तर फिर्याद पण द्यायची नाही का?

जुळे_सोलापूर_वकील

भाऊ, फिर्याद द्यायचीच. पासिंग नाही म्हणून चोरी ही चोरी राहत नाही असं कुठं आहे? ठाण्यात कुणी तसं म्हटलं तर शांतपणे लेखी अर्ज द्या आणि पोहोच घ्या. तरी नोंद झाली नाही तर तोच अर्ज पोस्टानं पोलीस अधीक्षकांकडं पाठवा. कायद्यानं तो मार्ग दिलाय.

मालकी दाखवायला जे आहे ते जपा. बांधणाऱ्याचं सही-शिक्क्याचं बिल, बँकेतून पैसे दिल्याची नोंद, सोसायटीच्या कर्जाचा कागद, कारखान्याशी केलेला वाहतुकीचा करार, वजनकाट्याच्या पावत्या, दरवर्षीचे फोटो. रस्ता लांबचा आहे, पण बंद नाही.

मात्र स्पष्ट सांगतो, विनापासिंग ट्रॉली रस्त्यावर काढणं हा गुन्हा आहे, आणि अपघात झाला, कुणाचा जीव गेला, तर विमा कंपनी हात वर करते. मग शेत विकायची पाळी येते. चोरीपेक्षा ती भीती मोठी धरा. पुढची ट्रॉली घ्याल ती पासिंगचीच घ्या.

वेल्डर_आप्पा (मोहोळ)

वकीलसाहेबांनी खुणांचा विषय काढलाच आहे तर माझ्या हातातलं सांगतो.

रंगानं लिहिलेला नंबर तासाभरात जातो. पत्र्याची पाटी स्क्रू काढला की जाते. वेल्डिंगच्या टाक्यानं चॅनलवर काढलेला नंबर मात्र सहज जात नाही. घासून काढला तरी तिथं खड्डा पडतो, चकाकी वेगळी दिसते, आणि इथं काहीतरी होतं हे आंधळ्याला पण कळतं. आरसीचा पूर्ण नंबर काढा. मोबाईल नंबर नको, तो बदलतो.

कुठं काढायचा? एक दांडीवर उघड, चोराला दिसावा म्हणून. दुसरा खालून, मधल्या आडव्या चॅनलच्या आतल्या अंगाला. तिसरा एक्सलवर स्प्रिंगच्या जवळ. चौथा कुठं ते कुणालाच सांगू नका, बांधणाऱ्याला पण नाही. पंचानं ठोका आणि त्यावर ग्रीस लावून ठेवा.

कंपनीनं किंवा बांधणाऱ्यानं ठोकलेल्या मूळ चासी नंबरला अजिबात हात लावायचा नाही. गंजलाय म्हणून त्याच्यावर परत ठोकू नका. उद्या तुमचीच ट्रॉली चोरीची ठरायची.

आणि एक. चासी नंबरवर पातळ कागद धरा, पेन्सिल आडवी करून हलक्या हातानं घासा. पासिंगच्या वेळी आरटीओत घेतात तशी छाप उमटते. तिच्या दोन प्रती काढून एक आरसीच्या पिशवीत आणि एक घरात ठेवा. आकड्यांचं वळण, कुठला अंक तिरका ठोकलाय, सगळं त्यात उतरतं. फोटोत ते दिसत नाही.

बार्शीकर_७७

आप्पा, एक शंका. चोर ट्रॉली विकत नसेल, गॅस कटरनं तोडून भंगारात घालत असेल तर? टनाच्या वर लोखंड आहे. मग नंबर चार ठिकाणी असो नाही तर चाळीस.

वेल्डर_आप्पा (मोहोळ)

खरं आहे. भंगारवाल्यापुढं खुणा काही कामाच्या नाहीत. म्हणून तर कुलूप आणि चाक आधी सांगितलं. पण अख्खी चालती ट्रॉली भंगाराच्या किती तरी पट भावानं जाते, त्यामुळं चोराचा पहिला विचार विकायचाच असतो. दांडीवर ठळक नंबर दिसला की तो शेजारच्या बिनानंबरच्या ट्रॉलीकडं वळतो. म्हणून गावात सगळ्यांनीच काढून घ्या. एकट्यानं काढला तर चोरी शेजाऱ्याकडं सरकते, एवढंच.

लीड्समधला_सोलापुरी

मी इंग्लंडमध्ये एका तबेल्याच्या शेजारी राहतो. मूळचा दक्षिण कसब्यातला. इथं घोड्यांच्या ट्रेलरची चोरी हा नेहमीचा विषय. गंमत अशी की लहान ट्रेलरला इथं स्वतःचा नोंदणी नंबरच नसतो. जी गाडी ओढते तिचाच नंबर मागं लावायचा. म्हणजे कागदाच्या बाबतीत आपला कायदा इथल्यापेक्षा मालकाच्या बाजूचा आहे.

त्यामुळं इथले लोक खुणांवर फार भर देतात. छतावर मोठ्या अक्षरांत स्वतःची खूण रंगवतात, पोलिसांच्या हेलिकॉप्टरमधून दिसावी म्हणून. आतल्या पडदीवर (दोन घोड्यांमधल्या आडोशावर), रॅम्पच्या खालच्या अंगाला पण. उभ्या ट्रेलरला कप्लिंगचं कुलूप आणि चाकाला लोखंडी शिकंजा, दोन्ही. बऱ्याच विमा कंपन्या ते असल्याशिवाय चोरीचा दावा ऐकत नाहीत. आपल्याकडं हेलिकॉप्टर नाही, पण उड्डाणपुलावरून आणि ड्रोनवरून छत दिसतंच की.

विमा_काका (पंढरपूर)

विम्याचा मुद्दा आलाय तर थोडक्यात.

ट्रॅक्टरची पॉलिसी काढली म्हणजे ट्रॉली आपोआप आत येत नाही. पॉलिसीत ट्रॉलीचा वेगळा उल्लेख, तिची ठरवलेली किंमत आणि तिचा वेगळा हप्ता आहे का ते बघा. आणि फक्त थर्ड पार्टी असेल तर चोरीचा एक रुपया मिळत नाही, पॅकेज पॉलिसी, म्हणजे स्वतःच्या नुकसानीचीही, लागते. पुष्कळ लोक पासिंगपुरती थर्ड पार्टी काढतात आणि चोरी झाल्यावर माझ्याकडं येऊन रडतात. मला त्यांना काय सांगावं कळत नाही.

चोरी कळली की त्याच दिवशी फिर्याद, त्याच दिवशी विमा कंपनीला फोन आणि लेखी पत्र. कंपनीला कळवायला उशीर झाला म्हणून दावा फेटाळला असेल तर खचू नका. फिर्याद ताबडतोब दिलेली असेल तर तेवढ्या कारणानं खरा दावा नाकारता येत नाही, असा सुप्रीम कोर्टाच्या तीन न्यायमूर्तींचा २०२० चा निकाल आहे. ते प्रकरण ट्रॅक्टरच्या चोरीचंच होतं. पण फिर्यादच आठ दिवसांनी दिली तर मात्र अवघड.

तपास लागला नाही तर पोलीस कोर्टात "अ" समरी पाठवतात, म्हणजे गुन्हा खरा पण आरोपी सापडला नाही. कंपनी तो कागद मागते. पाठपुरावा तुम्हालाच करावा लागतो.

मंद्रूपची_लेक

आमच्याकडं भीमा ओलांडली की कर्नाटक. टाकळीचा पूल, पुढं झळकी, चडचण, इंडी. आमच्या बाजूच्या लोकांना वाटतं ट्रॉली पलीकडं गेली की संपलं. तसं नाही. फिर्याद देतानाच साहेबांना सांगा की पलीकडच्या ठाण्यांना संदेश पाठवा आणि टोल नाक्याचं, पेट्रोल पंपाचं चित्रण मागवा. चित्रण थोडेच दिवस ठेवतात, नंतर पुसलं जातं. आणि तुम्ही पलीकडं असताना चोरी झाली तर कुठल्याही ठाण्यात शून्य नंबरनं गुन्हा नोंदवता येतो. नव्या नागरिक सुरक्षा संहितेच्या कलम १७३ मध्ये ते स्पष्टच आहे. हद्दीचं कारण सांगून परत पाठवता येत नाही.

दुसरं सांगते ते बायकांसाठी. पुरुषमाणसं उसाच्या खेपेला किंवा बाजाराला गेलेली असतात, वस्तीवर आम्ही आणि म्हातारी माणसं. रात्री ट्रॅक्टरचा आवाज आला तर दार उघडून बाहेर जायचं नाही. बाहेरचे सगळे दिवे लावायचे, फोन करायचा, आतून आरडाओरडा करायचा. ट्रॉली परत घेता येते. आमच्या गटातल्या सगळ्या जणींनी शेजारच्या तीन वस्त्यांचे नंबर भिंतीवर लिहून ठेवलेत.

आणि ते "चाललो सारंगखेड्याला" असं घोड्यासोबत फोटो काढून निघायच्या आधीच टाकतात ना, ते थांबवा. घरी कुणी नाही हे साऱ्या जगाला कळतं. आल्यावर टाका की फोटो.

पशुवैद्य_अकलूज

घोड्याच्या ट्रॉलीबद्दल दोन गोष्टी, कारण सुरक्षेच्या नादात जनावराचा जीव जायला नको.

आत घोडा असताना रॅम्पला किंवा दाराला कुलूप लावू नका. खटका लावा, पिन लावा, पण हातानं क्षणात उघडलं पाहिजे. ट्रॉली कलंडली, वायरिंगनं पेट घेतला, घोडा आत पडला, तर चावी शोधायला वेळ मिळत नाही. घाबरलेला घोडा स्वतःचे पाय मोडून घेतो. कुलूप रिकाम्या ट्रॉलीला. निघण्यापूर्वी चाकाची साखळी सोडली का आणि नट घट्ट आहेत का हे हात लावून बघा. चोरानं अर्धे नट सैल करून काम सोडून दिलेलं असेल तर रस्त्यात चाक निखळतं.

दुसरं, केंद्रीय मोटार वाहन नियमांप्रमाणं वाहतुकीच्या गाडीत एका घोड्याला किमान २.२५ चौरस मीटरचा कायमचा कप्पा लागतो. तुमची पडदी वेल्ड केलेली असेल तर तिचं माप, बिजागऱ्या, छातीपुढची आडवी दांडी, सगळ्याचे फोटो ठेवा. बाहेरून रंग बदलला तरी आतली बांधणी चोर सहसा बदलत नाही. बाजारात खोगीर, लगाम ट्रॉलीत ठेवून चहाला जाऊ नका, ते आधी जातं.

शेतकरी_तेरा

जुनी ट्रॉली विकत घेणाऱ्यांसाठी पण कुणीतरी लिहा. आठवडी बाजारात स्वस्तात मिळते म्हणून माणूस घेतो आणि मागनं पोलीस दारात येतात.

जुळे_सोलापूर_वकील

मूळ आरसी हातात घ्या, झेरॉक्स नको. एम-परिवहन ॲपवर नंबर टाकून मालकाचं नाव आणि बोजा (ट्रॉलीवरचं कर्ज) जुळतो का बघा. ॲपवर नाव अर्धवट झाकलेलं दिसतं, तरी अंदाज येतो. चासी नंबर स्वतः वाचा, आजूबाजूला घासल्याची किंवा ताज्या रंगाची खूण बघा. पैसे बँकेतून द्या. विकणारा "कागद नंतर देतो" म्हणाला की तिथून उठा. बाजारभावाच्या निम्म्यानं कुणी प्रामाणिक माणूस ट्रॉली विकत नाही, आणि कोर्टात हाच प्रश्न पहिला विचारतात.

भीमाकाठ (माळशिरस तालुका)

सगळ्यांचे मनापासून आभार. धागा आमच्या गावच्या ग्रुपवर टाकला. ज्यांची ट्रॉली गेली त्यांनी फिर्याद दिली होती, पण त्यात चासी नंबर नव्हता. आज बिलावरून शोधून पुरवणी जबाबात घालून आलो. मंद्रूपच्या ताईंनी सांगितल्याप्रमाणं पलीकडच्या ठाण्यांना संदेश पाठवायचाही अर्ज दिला, पोहोच घेतली.

आप्पा, येत्या रविवारी वस्तीवरच्या सगळ्यांच्या ट्रॉल्या एका जागी आणून नंबर काढायचं ठरलंय. गावातला वेल्डर तयार आहे. त्याला एवढंच विचारायचंय, घोड्याच्या ट्रॉलीची चासी हलक्या चौकोनी पाइपाची आहे, उसाच्या ट्रॉलीसारखा जाड चॅनल नाही. त्यावर वेल्डिंगचा टाका मारला तर पाइप कमजोर होईल का?

वेल्डर_आप्पा (मोहोळ)

होईल. पातळ पाइपला थेट टाका मारू नका, भोक पडतं आणि तिथूनच तडा जातो. तीन-चार मिलीची पट्टी घ्या, नंबर तिच्यावर आधी काढा, थंड होऊ द्या आणि मग ती पट्टी पाइपच्या लांबीच्या दिशेनं दोन्ही कडांना छोटे छोटे टाके मारून बसवा. आडवा टाका पाइपवर नको. जोडाजवळ आणि दांडी जिथं चासीला मिळते तिथं तर अजिबात नको, सगळा ताण तिथं येतो. वेल्डिंग करताना घोडं लांब बांधा, आतली रबर मॅट आणि भुसा बाहेर काढा, ट्रॅकर आधी उतरवून ठेवा. नंतर लगेच प्रायमर मारा, नाही तर पावसाळ्यात पट्टीमागं गंज धरतो. वेल्डरला काही अडलं तर मला इथं निरोप टाकायला सांगा, रविवारी मी दुकानातच आहे.